तीन नंबर, एक गाडी : माझ्या एमजीबीच्या ओळखपाट्यांचा शोध

माझ्याकडे आलेली एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी दोन आसनी गाडी, १९६५ सालची आहे. ती आली तेव्हा तिचा सांगाडा ट्रेलरवर होता आणि बाकीची सगळी गाडी खोक्यांत भरलेली होती. आधीच्या मालकांनी ती दुरुस्तीसाठी पूर्ण सुटी केली होती, पुढे त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांच्या पश्चात घरच्यांनी ती आहे त्या अवस्थेत विकली. गंज, वेल्डिंग, रंग, इंजिनाचे काम यांविषयी मार्गदर्शन करणारे पुष्कळ लोक इथे इंग्लंडात भेटतात. ओळखपाट्यांचे काम मात्र बहुतेक जण शेवटी, रंग वाळल्यावर, एखादी नवी चकचकीत पाटी मागवून उरकून टाकतात. मी ते सर्वांत आधी हाती घेतले आणि त्यामुळे पुढचे बरेच निर्णय बदलले, म्हणून त्याची हकिगत सविस्तर लिहीत आहे.

एमजीबीला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी होती आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असे. १९६२ साली आलेल्या एमजीबीत पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा आहे. ही बॉडी स्विंडनला तयार होई, इंजिन कॉव्हेंट्रीहून येई आणि ॲबिंग्डनच्या कारखान्यात अखेरची जुळणी होऊन गाडी बाहेर पडे. प्रत्येक ठिकाणाची मोजणी वेगळी असल्यामुळे एकाच गाडीला तीन नंबर मिळाले : बॉडीचा, इंजिनाचा आणि ॲबिंग्डनने दिलेला गाडीचा नंबर, ज्याला सवयीने सगळे चासी नंबरच म्हणतात. या तिन्ही नंबरांचे आपसात कोणतेही गणित नाही; एकावरून दुसरा काढता येत नाही. ते एकत्र येतात ते केवळ कारखान्याच्या नोंदवहीतल्या एका ओळीत, आणि त्या नोंदी आज वॉरिकशरमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत.

यातली अडचणीची बाब अशी की, त्या काळातल्या एमजीबीवर गाडीचा नंबर बॉडीच्या जाड पत्र्यात ठोकलेला नसे. तो बॉनेटखाली बसवलेल्या एका पातळ पाटीवर असे. पाटी सुटली की गाडीचे नाव सुटले. रंगकामासाठी पाट्या काढून ठेवणे हे सर्वांच्याच अंगवळणी पडलेले असल्यामुळे पन्नास-साठ वर्षांच्या काळात किती पाट्या हरवल्या, बदलल्या आणि भलत्याच गाडीवर बसल्या याचा हिशेब कोणाकडेच नाही. शिवाय पाटी आणि नोंदणीपत्र एवढेच विकत घेऊन ते चोरीच्या गाडीवर चढवण्याचा धंदाही या देशात जुना आहे. म्हणून पाटी ही सजावटीची वस्तू मानणे मला मुळातच पटत नाही. ती साक्ष आहे, आणि साक्ष तपासूनच स्वीकारावी लागते.

खोक्यांपैकी एकात, कार्ब्युरेटरच्या सुट्या भागांसोबत, एका पाकिटात गाडीच्या नंबराच्या दोन पाट्या निघाल्या. एकीवरचा नंबर जीएचएन३एलने सुरू होत होता, दुसरीवरचा जीएचडी३ने. यातला जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचे इंजिन, एन म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, डी म्हणजे वर कायमचे छप्पर असलेली जीटी, ३ हा मालिकेचा आकडा आणि शेवटचा एल म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. माझी गाडी रोडस्टर, तेव्हा पहिली पाटी तिची आणि दुसरी एखाद्या जीटीची, हे उघड होते. तरीही दोन गोष्टी खटकत होत्या. गाडीतला डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगचे भाग उजवीकडच्या बैठकीचे होते, मग पाटीवर एल कसा? आणि व्ही५सी, म्हणजे इथले नोंदणीपत्र, यावरचा नंबर पाटीशी जवळजवळ जुळत होता. मधला एक आकडा मात्र पाटीवर ३ वाटत होता आणि कागदावर ८ होता.

पुण्यात माझ्या थोरल्या भावाने कित्येक वर्षे गॅरेज चालवले आहे. त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पाटी अजिबात घासू नकोस. आधी पेन्सिलीने छाप काढ." आपल्याकडे गाडी नावावर करताना आरटीओच्या फॉर्मवर चासी नंबरची पेन्सिल छाप लावावी लागते, ती काढण्यात त्याचा हात बसलेला आहे. "आणि हो, पाटी सुटीच आहे ना? मग मागची बाजूही बघ," असेही त्याने बजावले.

हा सल्ला मला फार उपयोगी पडला. दर्शनी बाजूला जुन्या रंगाचे शिंतोडे, तेलाची पुटे आणि कोणीतरी कधीतरी लोखंडी ब्रशने घासल्याचे ओरखडे होते. त्या ओरखड्यांमुळेच ३ चा उघडा भाग बंद झाल्यासारखा दिसत होता. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तेव्हा छाप ३ कडे झुकली, पण पक्की खात्री होईना. मग पाटी उलटी करून उन्हाच्या तिरप्या उजेडात धरली. पातळ पत्र्यावर पंच बसला की मागच्या बाजूला त्याचा उंचवटा उमटतो, उलट्या अक्षरांचा, बोटाला जाणवेल असा. तिथे प्रत्येक आकडा स्पष्ट उठलेला होता आणि शंकेच्या आकड्याची एक बाजू सपाट होती. ओरखडा वरून पडतो, मागे उंचवटा काढत नाही. पाटीवर ३ होता यात संशय उरला नाही.

तरीही एका पाटीच्या बळावर नोंदणीपत्र चुकीचे ठरवणे योग्य नव्हते. मी गेडनला हेरिटेज सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. हा दाखला कारखान्याच्या मूळ नोंदीवरून देतात आणि त्यात गाडी तयार झाल्याची तारीख, तिन्ही नंबर, मूळ रंग, आतल्या आसनांचा रंग, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू आणि गाडी कुठे पाठवली हे सारे असते. प्रथम मी नोंदणीपत्रावरचाच नंबर कळवला, कारण कायद्याच्या दृष्टीने तोच माझ्या गाडीचा होता. उत्तर आले की त्या नंबरची नोंद डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची नाही, तेव्हा एल अक्षरासह दाखला देता येत नाही. एमजीबीचे नंबर डाव्या-उजव्या गाड्यांना एकाच क्रमाने दिले जात. एल हे अक्षर फक्त गाडीचा प्रकार सांगते. म्हणून ८ असलेला नंबर ही कोणती तरी दुसरीच, उजव्या स्टिअरिंगची गाडी होती. पाटीच्या मागच्या बाजूचे फोटो आणि छाप जोडून ३ असलेल्या नंबरसाठी पुन्हा अर्ज केला, तेव्हा दाखला आला : डावे स्टिअरिंग, उत्तर अमेरिकेसाठी निर्यात, रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, आतील आसने लाल.

एलचाही उलगडा त्यातच झाला. एमजीबींचा मोठा भाग अमेरिकेत विकला गेला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथे या गाड्यांना भाव येऊ लागल्यावर कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा कोरड्या हवेच्या राज्यांतून, जिथे पत्रा कमी गंजतो, पुष्कळ गाड्या परत आणल्या गेल्या. माझी त्यांतली एक. इथे आल्यावर कोणीतरी स्टिअरिंग उजवीकडे घेतले. गाडीचा नोंदणी क्रमांक शेवटी सी अक्षराचा आहे; १९६५ साली नोंदलेल्या गाड्यांना ते अक्षर मिळे आणि नंतर आयात झालेल्या जुन्या गाड्यांनाही त्यांच्या वयानुसार त्याच मालिकेतला क्रमांक देतात. त्या आयातीच्या कागदपत्रांत, कोणाच्या तरी हातून, ३ चा ८ झाला असावा.

दाखल्यामुळे पाटी आणि नोंदवही जुळली. पण माझ्या अंगणातला पत्रा त्याच गाडीचा आहे हे अजून ठरायचे होते. ते फक्त बॉडी नंबर सांगू शकत होता. त्याची पट्टी अगदी लहान, बॉडीला जोडलेली, आणि कारखान्यात बॉडी रंगवताना तिच्यावरही रंग बसलेला. माझ्या गाडीवर पुढच्या बाजूला जिथे ती असायला हवी तिथे हिरव्या रंगाखाली एक आयताकृती फुगवटा तेवढा दिसत होता. सांगाडा वाळूच्या फवाऱ्याने साफ करून घेण्याचे ठरले होते आणि तारीखही मिळाली होती. ती मी पुढे ढकलली, कारण वाळूच्या माऱ्यापुढे असली पातळ पट्टी टिकत नाही.

रंग काढण्याचे रसायन कापसाच्या बोळ्याने अगदी थोडे थोडे लावून, प्लॅस्टिकच्या पातीने मी एकेक थर उतरवत गेलो. वर ब्रिटिश रेसिंग ग्रीन, त्याखाली करडा प्रायमर, त्याखाली एक उजळ लाल, जो कारखान्याचा नव्हे, पुन्हा प्रायमर, आणि सर्वांखाली पिवळसर झाक असलेला पांढरा. तो पांढरा पट्टीच्या कडांवरून शेजारच्या पत्र्यावर अखंड पसरलेला होता, म्हणजे पट्टी नंतर आणून चिकटवलेली नव्हती. इथे मी थांबलो. पांढऱ्या थरातूनच आकड्यांचे खळगे वाचता येत होते आणि दाखल्यावरचा बॉडी नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच होता. फोटो काढताना मी पट्टीशेजारी मोजपट्टी आणि दाखला दोन्ही ठेवले, जेणेकरून पुढे कोणाला शंका आल्यास फोटोच उत्तर देईल.

या एका जुळणीमुळे दोन निर्णय आपोआप झाले. पहिला बॉडीचा. खालच्या पट्ट्या, म्हणजे सिल, इतक्या कुजल्या होत्या की नवी बॉडीच घ्यावी असे अनेकांचे मत होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवी बॉडी तयार करते आणि ती उत्तम असते. मी काम केले तेव्हाच्या नियमांनुसार नवी बॉडी बसवूनही गाडीची ओळख टिकवता येत होती : सांगाडा मूळ किंवा तसाच नवा असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गेअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १, आणि एकूण किमान ८ गुण हवेत. कायद्याची हरकत नव्हतीच. पण तीन नंबरांपैकी ज्याचा पुरावा पत्र्यातच आहे तो पत्रा टाकून देणे मला मान्य होईना. आम्ही सिल बदलले, पुढचा भाग जसाच्या तसा ठेवला आणि वाळूचा फवारा मारताना ती पट्टी जाड रबराने झाकून घेतली. दुसरा निर्णय रंगाचा : गाडी पुन्हा ओल्ड इंग्लिश व्हाइट झाली.

इंजिनाचे प्रकरण मात्र वेगळे निघाले. एमजीबीच्या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो; डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटरच्या गर्दीत ती सहज दिसत नाही. दाखल्यावर नंबर होता १८जीबीने सुरू होणारा. १८ म्हणजे १८०० सीसी, आणि जीबी म्हणजे १९६४ च्या ऑक्टोबरपासून बसवले जाऊ लागलेले पाच बेअरिंगचे इंजिन. त्यापूर्वीची तीन बेअरिंगची होती. पुढची यू आणि एच ही अक्षरे साधा गेअरबॉक्स आणि जास्त कॉम्प्रेशन दाखवतात. कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी गेअरबॉक्सची जोड, बसून आला असता तर यूच्या जागी आरयू असते. माझ्या ब्लॉकवरची पट्टी ४८जीने सुरू होत होती. हा नंबर गाडीच्या मूळ इंजिनाचा नसतो. कंपनीने दुरुस्त करून बदली म्हणून दिलेल्या गोल्ड सील इंजिनांना असे नंबर असत. पाकिटातली जीटीची पाटी पाहता हे इंजिन तिच्यातून आले असावे. कुटुंबीयांनी दाखवलेल्या जुन्या फोटोंत अंगणात एक कापलेली जीटी दिसतेही.

आता मूळ १८जीबीचा नंबर कागदावर मिळालेला होता, आणि तो कोऱ्या पट्टीवर ठोकून देणारे विक्रेते हवे तितके आहेत. दोन रिव्हेट काढायचे, दोन बसवायचे, की तिन्ही नंबर जुळलेली गाडी तयार. बाजारात तिला भावही जास्त. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात एका अनुभवी गृहस्थांनी मला हे आपुलकीने सुचवले. "तुमच्या दाखल्यावर तोच नंबर आहे, मग खोटे काय त्यात?" असे त्यांचे म्हणणे होते. माझे उत्तर तेव्हा जे होते तेच आजही आहे. दाखला सांगतो की १९६५ साली या गाडीत ते इंजिन होते. पट्टी सांगते की हा ब्लॉक ते इंजिन आहे. पहिले विधान खरे आणि दुसरे खोटे. मी ४८जीची पट्टी हलवली नाही, रंग देताना तिच्यावर चिकटपट्टी लावली, आणि नोंदणीपत्रावर इंजिनाचा नंबर बदलून घेतला.

गाडीच्या नंबरची पाटीही मी नवी केली नाही, जरी मागवून पाहिली होती. पहिली आली ती दिसायला सुबक होती, पण तिच्यावर ब्रिटिश लेलँडचे नाव छापलेले होते. ती कंपनी १९६८ साली अस्तित्वात आली. १९६५ च्या गाडीवर ते नाव येणे शक्यच नाही. विक्रेत्याच्या मते एमजीबीची पाटी म्हणजे एमजीबीची पाटी. ही चूक रस्त्यावरच्या अनेक सुंदर गाड्यांवर मी पुढे पाहिली आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले, कारण त्यांच्या मालकांनी बाकी सारे काम जिवापाड मेहनत घेऊन केलेले होते. दुसऱ्या ठिकाणची पाटी काळाला धरून होती, पण नंबर लेझरने कोरलेला, सगळे आकडे एका खोलीचे आणि एका रेषेत. माझ्या जुन्या पाटीवर पंच कमी-जास्त जोराने बसलेले आहेत आणि एल किंचित खाली उतरला आहे. मागचे उंचवटेही लेझरच्या पाटीला नसतात, म्हणजे ज्या पुराव्याने माझा प्रश्न सुटला तोच तिच्यात नाही. अखेर जुनी पाटी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ कापडाने पुसली आणि परत बसवली. तिचा एक कोपरा दुमडलेला आहे; तो सरळ करायला गेलो असतो तर तुटला असता, म्हणून तसाच ठेवला. स्टिअरिंग उजवीकडे असताना पाटीवर एल कसा, असे विचारणाऱ्यांना मी दाखल्याची प्रत दाखवतो.

नवी पट्टी मी फक्त एका जागी वापरली. एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या झाकणावर, स्क्रूखाली, एयूडीने सुरू होणाऱ्या नंबराची एक चिमुकली पट्टी असते. तिच्यावरून कार्ब्युरेटर कोणत्या इंजिनासाठी तयार केला होता आणि त्यात कोणती सुई हवी हे शोधता येते. माझ्या जोडीपैकी एकाची पट्टी होती, दुसऱ्याची नव्हती. ही ओळख गाडीची नसून सुट्या भागाच्या जातीची असते आणि जोडीतल्या दोन्ही कार्ब्युरेटरांना तोच नंबर असतो, तेव्हा तिथे नवी पट्टी लावण्यात कोणाची दिशाभूल होत नाही. ल्युकासच्या डायनॅमोवर आणि डिस्ट्रिब्युटरवर मात्र तारीख धातूतच ठोकलेली असते. खोक्यांतला डायनॅमो १९६५ चा निघाला, तो दुरुस्त करून घेतला. डिस्ट्रिब्युटर नंतरच्या सालचा आहे, चांगला चालतो, तो तसाच ठेवला.

पुढच्या-मागच्या नंबरप्लेट हे त्या मानाने सोपे काम होते. १ जानेवारी १९८० पूर्वी तयार झालेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या गाड्यांना काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरे चालतात. पाटी करून देणाऱ्याला नोंदणीपत्र आणि ओळखपत्र दाखवावे लागते. आमच्या विक्रेत्याने ते नीट तपासले, हे मला आवडले.

नोंदणीपत्रातला ८ दुरुस्त करण्यासाठी अर्जासोबत हेरिटेज सर्टिफिकेट, पाटीच्या दोन्ही बाजूंचे आणि बॉडीच्या पट्टीचे फोटो, पेन्सिलीची छाप आणि एमजीच्या क्लबने गाडी पाहून दिलेले पत्र जोडले. मध्यंतरी पत्रव्यवहार बराच झाला. इंजिन आणि रंग यांचे बदल मी त्याच अर्जात कळवले होते आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र खुलासा द्यावा लागला. सुधारित व्ही५सी आले तेव्हा त्यावर ३ होता, एल शाबूत होता, इंजिनापुढे ४८जी आणि रंगापुढे पांढरा होता.

राहिली जीटीची पाटी. तिचे नोंदणीपत्र खोक्यांत कुठेच सापडले नाही आणि कुटुंबीयांनाही माहीत नव्हते. तिच्यासाठी मला दोन वेळा चांगली किंमत सांगण्यात आली. दोघांनीही कोणत्या गाडीसाठी हवी ते सांगितले नाही. मी ती क्लबमध्ये नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांकडे फोटोंसह सोपवली. ती गाडी कापली गेल्याची नोंद त्यांनी त्या नंबरापुढे करून घेतली आहे, म्हणजे तोच नंबर उद्या एखाद्या जीटीवर दिसला तर त्याबद्दल विचारणारे कोणीतरी असेल.